बॉस्टनचे ‘फेन्स’ : एका नगरतळ्याचे नाव व कार्य

१

नगरांच्या इतिहासात राजवाडे, तटबंद्या, बाजारपेठा व देवालये ह्यांस जे स्थान मिळाले आहे ते गटारांस व तळ्यांस मिळालेले नाही. वस्तुतः मोठ्या वस्तीच्या जीवनमरणाचा प्रश्न पुष्कळदा पाण्याच्या वाटेवरच अवलंबून असतो. उघड्या भूमीवर पडलेला पाऊस काही अंशी जमिनीत मुरतो, काही अंशी झाडाझुडपांवर अडतो व उरलेला सावकाश ओढ्यास मिळतो. तीच भूमी छपरांनी, फरसबंदीने व डांबराने झाकली गेली म्हणजे पावसाचे पाणी एकदम वाहू लागते, आणि वाहताना रस्त्यावरील लीद, राख, तेल, कचरा असे सर्व काही बरोबर नेते. ह्या पाण्यास वाटेत थोपविण्यासाठी मुद्दाम राखलेले तळे हे आज जगातील अनेक शहरांच्या रचनेचे एक सामान्य अंग झाले आहे. पूर थोपविणे, पाण्यातील घाण खाली बसविणे आणि नागरिकांस विसाव्याची जागा देणे अशी तीन कामे अशा तळ्याकडून अपेक्षिली जातात.

ह्या तीन कामांचा एकत्र विचार करून आखलेल्या आधुनिक जलाशयांपैकी एक अगदी आरंभीचा व अत्यंत बोधप्रद जलाशय म्हणजे अमेरिकेतील बॉस्टन शहरातील ‘बॅक बे फेन्स’ होय. त्याची योजना इ. स. १८७९ मध्ये सिद्ध झाली. सुमारे तीस वर्षांतच तिचा मूळ पाया ढासळला, आणि त्या ठिकाणी काय उभारले होते व कशासाठी उभारले होते ह्याचाच लोकांस विसर पडला. ह्या विसराची किंमत शहराने पुढे पुरात मोजली. प्रस्तुत लेखात ह्या जलाशयाचा इतिहास सांगावयाचा आहे. त्याबरोबरच त्याच्या नावाविषयी निर्माण झालेल्या एका वादाकडेही लक्ष वेधावयाचे आहे. कारण वस्तूचे कार्य आणि वस्तूचे नाव ह्यांचा संबंध ह्या प्रकरणात जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच दिसतो.

२

‘बॅक बे’ हे नाव मुंबईकर वाचकास परके वाटणार नाही. पाठीमागचा उपसागर एवढाच त्याचा अर्थ. आणि इंग्रजी बोलणाऱ्या वसाहतकारांनी मुंबईत व बॉस्टनमध्ये ते स्वतंत्रपणे योजिले. दोन्ही ठिकाणी समुद्र हटवून जमीन करण्याचे उद्योगही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरच जोराने सुरू झाले. बॉस्टनचा बॅक बे म्हणजे चार्ल्स नदीच्या मुखाजवळील भरती-ओहोटीचा उथळ विस्तार. भरतीच्या वेळी तेथे पाणी पसरे आणि ओहोटीच्या वेळी चिखलाची मैदाने उघडी पडत.

ह्या नैसर्गिक व्यवस्थेत पहिला मोठा हस्तक्षेप इ. स. १८२१ मध्ये झाला. भरतीच्या पाण्याच्या जोरावर गिरण्या चालविण्याच्या उद्देशाने एका मंडळीने बॅक बेच्या मुखाशी सुमारे दीड मैल लांबीचा बांध घातला. आजची बीकन स्ट्रीट ही त्याच बांधाच्या रेषेवरून जाते. आडवा दुसरा बांध घालून आतील क्षेत्राचे दोन भाग केले होते. भरतीचे पाणी एका भागात साठवावयाचे आणि चक्रांवरून दुसऱ्या भागात सोडावयाचे, अशी ती युक्ती होती. व्यापाराच्या दृष्टीने ह्या उद्योगास अपेक्षित यश आले नाही. परंतु बांध मात्र कायम राहिला. पुढे इ. स. १८३० नंतरच्या दशकात दोन लोहमार्गांचे भराव ह्याच क्षेत्रातून आरपार गेले व पाण्याचे येणेजाणे आणखी खुंटले. वाढत्या शहराची गटारे तर त्यातच सोडलेली होती. परिणामी उपसागराचे डबके झाले, आणि ओहोटीच्या वेळी त्याची दुर्गंधी साऱ्या शहरास जाणवू लागली. इ. स. १८४९ मध्ये शहराच्या आरोग्याधिकाऱ्यांनी हे क्षेत्र भरून काढण्याची मागणी केली.

इ. स. १८५७-५८ च्या सुमारास भरावाचे काम सुरू झाले. सुमारे नऊ मैलांवरील नीडहॅम गावाच्या टेकड्या वाफेच्या खोदयंत्रांनी उकरून तेथील रेती व खडी आगगाडीने रात्रंदिवस आणली जाऊ लागली. ह्या नव्या भूमीवर सरळ रुंद रस्ते आखले गेले व शहरातील धनिकांची घरे उभी राहिली. पण पश्चिमेकडील टोकाचा प्रश्न भरावाने सुटण्यासारखा नव्हता. तेथे स्टोनी ब्रुक व मडी रिव्हर असे दोन प्रवाह येऊन मिळत. पहिल्याचे नाव खडकाळ ओढा व दुसऱ्याचे गढूळ नदी अशा अर्थाचे आहे. रॉक्सबरी वगैरे वरच्या वस्त्यांचे सांडपाणी घेऊन ते येत, आणि जोराच्या पावसाबरोबर मोठी भरती आली म्हणजे पाण्यास बाहेर पडावयास वाटच उरत नसे. सर्व जागा भरून टाकावी तर पुराचे पाणी जाणार कोठे, आणि मोकळी ठेवावी तर घाणीचे काय करावे, असा पेच स्थापत्यशास्त्रज्ञांपुढे उभा राहिला.

३

इ. स. १८७५ मध्ये बॉस्टनला सार्वजनिक उद्यानांविषयीचा कायदा लागू झाला व त्यानुसार उद्यानमंडळ नेमले गेले. मंडळाने बॅक बेच्या पश्चिम टोकाची सुमारे शंभर एकर जमीन इ. स. १८७७ मध्ये विकत घेतली. पाण्याखालची व चिखलाची ही जमीन स्वस्तात मिळाली होती, हे तिच्या निवडीचे एक कारण होते. पुढील वर्षी तिच्या आराखड्यासाठी स्पर्धा जाहीर झाली. पहिले पारितोषिक हर्मन ग्रुंडेल ह्या पुष्पव्यवसायी गृहस्थास मिळाले. परंतु त्याच्या आराखड्यात पाण्याच्या मूळ प्रश्नाचा विचार नव्हता, आणि मंडळासही तो अंमलात आणण्याजोगा वाटला नाही. स्पर्धेचे परीक्षण करण्याची विनंती फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड ह्यास करण्यात आली होती व त्याने ती नाकारली होती. आता ह्याच गृहस्थाकडे प्रत्यक्ष काम सोपविण्यात आले.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा एक शिल्पकार म्हणून ओल्मस्टेडची कीर्ती झालेली होती. त्याच्या चरित्रातील दुसरी एक गोष्ट येथे अधिक महत्त्वाची आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात सैनिकांच्या छावण्यांची व रुग्णालयांची स्वच्छता पाहणाऱ्या आरोग्यमंडळाचा तो इ. स. १८६१ ते १८६३ ह्या काळात मुख्य कार्यवाह होता. तेव्हा पाण्याचा निचरा हा प्रश्न त्याच्या दृष्टीने बागेच्या शोभेपुरता नव्हता. काम स्वीकारल्यावर त्याने झाडाफुलांच्या याद्या बाजूस ठेवल्या आणि नगराभियंता जोसेफ डेव्हिस ह्याजशी पाण्याविषयी चर्चा सुरू केली. उद्यानाचा प्रश्नच नसता तर ह्या जागी काय केले असते, असे विचारता अभियंत्यांच्या मनात दगडी भिंतींनी बांधलेला एक प्रशस्त हौद असल्याचे दिसून आले. तो हौद पूर साठविण्याचे काम करील, पण एरवी त्याचे रूप रुक्ष व ओसाड राहील. ओल्मस्टेडने अभियंत्यांची गरज तंतोतंत मान्य केली आणि भिंती मात्र काढून टाकल्या. दगडी कडांऐवजी सावकाश उतरते मातीचे काठ, काठाशी खाऱ्या पाण्यात वाढणारे गवत आणि मधून वळणे घेत जाणारी खाडी अशी त्याची कल्पना होती. भिंतीने जे काम करावयाचे ते उतरता काठ व गवताची मुळे ह्यांनी करावे, हे ह्या योजनेतील खरे नावीन्य होय.

४

योजनेची रचना थोडक्यात अशी होती. स्टोनी ब्रुक व मडी रिव्हर ह्यांचे नेहमीचे पाणी जमिनीखालील बंदिस्त मोऱ्यांतून थेट चार्ल्स नदीत सोडावयाचे, म्हणजे त्यातील घाण जलाशयात येणार नाही. पुराच्या वेळी ओढ्याचे पाणी मोरीत मावेनासे झाले की जादा पाणी जलाशयात उतरावयाचे, काठावरच्या गवताळ सखल भागावर पसरावयाचे आणि ओहोटी होताच नदीकडे निघून जावयाचे. एरवी नदीच्या बाजूस बसविलेल्या दारांतून भरतीचे खारे पाणी अगदी मोजके आत घ्यावयाचे. त्यामुळे पाणी साचून कुजत नसे, आणि चढउतार थोडा असल्यामुळे काठही उघडे पडत नसत. पाणी उथळ, विस्तार बेताचा व वळणे पुष्कळ असल्यामुळे वाऱ्याने मोठ्या लाटा उठून काठ झिजण्याचेही भय नव्हते.

कोकण व गोमंतक ह्यांशी परिचय असलेल्या वाचकास ही व्यवस्था समजावयास कठीण जाऊ नये. खाडीकाठच्या ज्या सखल, खाऱ्या जमिनीस खाजण म्हणतात, तिच्याशी ओल्मस्टेडच्या जलाशयाचे साम्य उघड आहे. गोव्यातील खाजणांना बांध असतात व बांधांत ‘मानस’ नावाची दारे बसविलेली असतात. भरतीच्या दाबाने ती मिटतात, ओहोटीला उघडतात, आणि आतील पाण्याचे प्रमाण त्यांच्या योगाने राखले जाते. गोव्यातील शेतकऱ्याने भातासाठी व मासळीसाठी जे केले, तेच बॉस्टनच्या अभियंत्याने पुरासाठी व आरोग्यासाठी केले. एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे मुळीच नव्हे. भरतीच्या पाण्याशी युद्ध न करता त्यास दाराने वळण लावावयाचे, ही युक्ती किनारपट्टीवरील माणसास स्वतंत्रपणे सुचण्याजोगी आहे, एवढाच ह्या साम्याचा अर्थ.

ह्याच सुमारास शहराच्या मैल्याची व्यवस्थाही बदलत होती. इ. स. १८७७ मध्ये सुरू झालेल्या मुख्य निचरायोजनेनुसार जुनी गटारे वाटेत अडवून त्यांतील मैला एका मोठ्या गटारात घेण्यात आला. तो यंत्रांनी उपसून मून आयलंड ह्या बेटावर नेत, तेथे साठवीत व ओहोटीबरोबर समुद्रात सोडीत. इ. स. १८८४ मध्ये ही व्यवस्था चालू झाली. फेन्सची योजना ह्या मोठ्या योजनेस पूरक होती, ही गोष्ट विसरता कामा नये. पाणी शुद्ध करण्याचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. घाण तळ्यात येऊच द्यावयाची नाही, आणि आली तर भरतीच्या पाण्याने ती खेळती ठेवावयाची, एवढाच तत्कालीन उपाय होता.

विसाव्याचा विचार ह्या सर्वांबरोबर चाललेला होता. जलाशयाच्या काठाने पायवाटा, घोडेस्वारांचा मार्ग व गाडीरस्ता आखला गेला. एच्. एच्. रिचर्डसन ह्या विख्यात वास्तुशिल्पज्ञाने बॉयल्स्टन स्ट्रीटच्या रस्त्यासाठी भव्य कमानीचा दगडी पूल आखून दिला, आणि स्टोनी ब्रुकचे पाणी नियंत्रित करणाऱ्या द्वारगृहाचा आराखडाही त्याचाच. पाण्याची दारे हलविण्याच्या यंत्रासाठी तत्कालीन अमेरिकेतील अग्रगण्य वास्तुशिल्पज्ञाने इमारत आखावी, ह्यावरून ह्या कामाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले जात होते ते कळून येते. मडी रिव्हरच्या वरच्या अंगासही पुढे असेच रूप देण्यात आले आणि त्यातून सुमारे सात मैलांची उद्यानमाला निर्माण झाली.

५

आता नावाच्या वादाकडे वळावयास हरकत नाही. जागा उद्यानमंडळाने घेतलेली, पैसा उद्यानांच्या खात्यातला, आराखडा उद्यानशिल्पीचा. तेव्हा लोक ह्या स्थळास ‘बॅक बे पार्क’ म्हणू लागले ह्यात नवल नाही. ओल्मस्टेडला मात्र हे नाव मान्य नव्हते. हे पार्क नव्हे, ही आरोग्यसुधारणेची व निचऱ्याची योजना आहे, असे तो आग्रहाने सांगे. इ. स. १८८६ च्या एप्रिल महिन्यात बॉस्टनमधील वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेपुढे त्याने ह्या योजनेवर व्याख्यान दिले. आधी प्रश्न काय होता व मग उत्तर कसे निघाले, ह्या क्रमानेच त्याने विषय मांडला. आराखड्याचा उगम एखाद्या कलावंताच्या लहरीत नसून पाण्याच्या गणितात आहे, हे श्रोत्यांच्या मनावर बिंबविणे हा त्याचा हेतु दिसतो. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘फेन्स’ हे नाव रूढ झाले ते त्याच्याच सूचनेवरून.

ह्या दोन शब्दांची कुळे तपासली असता त्याचा आग्रह अधिक स्पष्ट होतो. ‘पार्क’ हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. शिकारीसाठी राखलेली, कुंपणाने वेढलेली जमीन हा त्याचा जुना अर्थ. त्यात मालकी आहे, राखण आहे व सुख आहे, पाणी नाही. ‘फेन’ हा शब्द उलट जर्मानिक कुळातील असून जुन्या इंग्रजीत तो पाणथळ, दलदलीची भूमी ह्या अर्थाने आढळतो. डचमधील ‘वेन’ व गॉथिकमधील चिखल ह्या अर्थाचा ‘फानी’ हे त्याचे सगोत्र. तौलनिक भाषाशास्त्रज्ञ ह्याच शब्दसमूहाशी संस्कृतातील ‘पङ्क’ ह्या शब्दाचा संबंध जोडतात. मूळ भारत-युरोपीय ‘प’चा जर्मानिक भाषांत ‘फ’ होणे हे ग्रिमच्या नियमास धरूनच आहे. म्हणजे ज्या शब्दापासून मराठी वाचकाच्या परिचयाचा ‘पंकज’ बनला, त्याचा एक दूरचा भाऊबंद बॉस्टनच्या नकाशावर विराजमान आहे, असे म्हणावयास प्रत्यवाय नसावा.

आणखी एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. मॅसॅच्युसेट्समधील बॉस्टनला इ. स. १६३० मध्ये मिळालेले नाव इंग्लंडमधील लिंकनशायरच्या बॉस्टन गावावरून आलेले आहे, आणि ते जुने बॉस्टन ज्या प्रदेशात वसले आहे त्या प्रदेशाचे नावच मुळी ‘फेन्स’. तो प्रदेश बांध, कालवे व दारे ह्यांच्या साहाय्याने शतकानुशतके पाण्यापासून सोडवून घेण्यात आला. जुन्या बॉस्टनच्या लोकांनी फेन आटवून शेती केली आणि नव्या बॉस्टनच्या लोकांनी आटविलेल्या भूमीतच फेन पुन्हा निर्माण केले, असा हा उलटा प्रवास आहे.

‘पार्क’ व ‘फेन’ ह्यांतील भेद केवळ शब्दांचा नव्हे. पार्कात पाणी पसरले तर तो अपघात ठरतो. फेनमध्ये पाणी पसरले तर तो त्याचा धर्म ठरतो. पार्कातील रिकामी जागा पाहिली की तेथे काही तरी उभारावे असे कारभाऱ्यास वाटते. फेनमधील रिकामी जागा ही पुरासाठी राखलेली असते व ती रिकामी आहे म्हणूनच उपयोगी आहे. नाव बदलले म्हणजे जागेकडून करावयाची अपेक्षा बदलते, आणि अपेक्षा बदलली म्हणजे जागा जपण्याची रीतही बदलते.

६

योजना पुरी होण्यापूर्वीच तिची निकड सिद्ध झाली. इ. स. १८८६ च्या फेब्रुवारीत स्टोनी ब्रुकला मोठा पूर आला व रॉक्सबरीतील वस्ती पाण्याखाली गेली. खालच्या टोकास कितीही उत्तम तळे असले तरी वरच्या अंगाची मोरी अपुरी असेल तर वरच्या वस्तीस त्याचा लाभ होत नाही, हा ह्या पुराचा धडा होता. त्यानंतर ओढ्यासाठी अधिक मोठी मोरी बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. ओल्मस्टेड इ. स. १८९५ मध्ये निवृत्त झाला व इ. स. १९०३ मध्ये निधन पावला.

फेन्सवरचा खरा घाव इ. स. १९१० मध्ये बसला. त्या वर्षी चार्ल्स नदीच्या मुखाशी धरण पुरे झाले आणि नदीत भरती-ओहोटी येण्याचे बंद झाले. धरणाचा हेतु वाईट नव्हता. ओहोटीच्या वेळी उघडे पडणारे नदीकाठचे चिखल झाकावेत व एकसारख्या पातळीचे गोडे पाणी राहावे, हा त्यामागील विचार आरोग्याचा व सौंदर्याचाच होता. परंतु फेन्सची सारी यंत्रणा खाऱ्या पाण्याच्या व भरतीच्या भरवशावर उभी होती. भरती थांबताच खारे गवत मेले, पाण्याचे खेळणे थांबले व गाळ साचू लागला. एका लोकहिताच्या कामाने दुसऱ्या लोकहिताच्या कामाचा घात केला, आणि तो कोणाच्या फारसा ध्यानातही आला नाही.

त्यानंतरची कथा जागेच्या नव्या नव्या उपयोगांची आहे. १९२० नंतरच्या दशकात आर्थर शर्क्लिफ ह्या उद्यानशिल्पीने आखीवरेखीव पद्धतीचा नवा आराखडा केला. खेळांची मैदाने आली, १९३० नंतरच्या दशकाच्या आरंभी गुलाबांची बाग आली, आणि दुसऱ्या महायुद्धात इ. स. १९४२ मध्ये नागरिकांनी भाजीपाला पिकवावा म्हणून जमिनीचे तुकडे पाडून देण्यात आले. त्या बागा आजतागायत टिकून आहेत. ह्यांपैकी कोणत्याही उपयोगास दोष देता येणार नाही. लोकांनी जागेवर प्रेम केले हेच त्यावरून दिसते. मात्र ते प्रेम उद्यानावरचे होते. विसाव्या शतकाच्या मध्यास फेन्स व वरची नदी ह्यांच्या सांध्यावरचा प्रवाह जमिनीखालच्या नळांत कोंबून वर मोटारी उभ्या करण्याची जागा करण्यात आली, तेव्हा पुराच्या वाटेवर आपण बूच बसवीत आहोत हा विचार कोणाच्या मनास शिवला असावा असे दिसत नाही. उरलेल्या पात्रात परक्या जातीच्या उंच देवनळाने दाटी केली व पाणी दृष्टीआड झाले.

इ. स. १९९६ च्या ऑक्टोबर महिन्यात मुसळधार पाऊस झाला आणि मडी रिव्हर आपल्या काठांबाहेर पडली. पाणी भुयारी रेल्वेच्या केनमोर स्थानकात शिरले, बोगदे भरले व शहराच्या ह्या भागाची कोट्यवधी डॉलरांची हानी झाली. शंभर वर्षांपूर्वी ज्या पाण्यासाठी जागा राखली होती, त्याच पाण्याने ती जागा पुन्हा मागून घेतली.

७

दरम्यानच्या काळात पावसाच्या पाण्याविषयीचे ज्ञान पुष्कळच वाढले होते. गटाराचे पाणी घाण व पावसाचे पाणी स्वच्छ, अशी जुनी समजूत होती. अमेरिकेच्या पर्यावरणसंरक्षण खात्याने इ. स. १९७९ ते १९८३ ह्या काळात देशातील २८ ठिकाणी शहरी पावसाच्या वाहत्या पाण्याची पद्धतशीर तपासणी करविली. तीतून असे दिसून आले की, रस्त्यांवरून व छपरांवरून येणाऱ्या ह्या पाण्यात शिसे, तांबे व जस्त ह्यांसारखे धातू, स्फुरद व रोगजंतूंचे निदर्शक असे जंतू लक्षणीय प्रमाणात असतात. त्याच तपासणीत असेही आढळले की, बारमाही पाणी असलेली तळी हा ह्यावरील एक प्रभावी उपाय आहे. त्यामागील तत्त्व साधे आहे. वाहते पाणी संथ झाले की त्यातील गाळ खाली बसतो. धातूंचा व स्फुरदाचा बराच अंश गाळाच्या कणांस चिकटलेला असल्यामुळे तोही खाली जातो. विरघळलेले पोषक द्रव्य काठच्या वनस्पती व पाण्यातील सूक्ष्म जीव घेतात. केवळ पूर थोपवून काही तासांत रिकामी होणारी कोरडी खड्डावजा तळी हे काम तितके करू शकत नाहीत, कारण गाळ बसण्यास वेळच मिळत नाही.

परंतु ह्याच तत्त्वात एक अडचण दडलेली आहे. तळे जर घाण धरून ठेवीत असेल, तर ती घाण तळ्यातच राहते. काही वर्षांनी गाळ उपसावा लागतो, व तो उपसावा लागेल हे ज्यांनी तळे बांधले त्यांच्या पुढच्या पिढीस ठाऊक असावे लागते. विसावा व शुद्धी ही दोन कामे येथे एकमेकांच्या आड येऊ शकतात. जेथे शहराची घाण मुद्दाम बसू दिली जाते तेथे मुलांनी पाण्यात उतरावे काय, हा प्रश्न टाळता येत नाही. काठाने फिरावे, पक्षी पाहावेत, सावलीत बसावे. पाण्यात मात्र उतरू नये, असे त्याचे सामान्य उत्तर आहे, आणि ते लोकांस समजावयाचे तर तळ्याचे काम लोकांपासून लपवून ठेवता येत नाही.

इ. स. १९९६ च्या पुरानंतर बॉस्टन, शेजारचे ब्रुकलाइन, राज्य व केंद्र शासन ह्यांनी मिळून मडी रिव्हरच्या पुनरुद्धाराची योजना आखली. तिच्या पहिल्या टप्प्यात नळांत कोंबलेला प्रवाह पुन्हा उघड्यावर आणण्यात आला. हे काम इ. स. २०१६ मध्ये पुरे झाले. इ. स. २०२० मध्ये सुरू झालेल्या पुढच्या टप्प्यात गाळ उपसणे, देवनळ काढणे व काठ पुन्हा बांधून लागवड करणे ही कामे हाती घेण्यात आली. खारे पाणी व भरती मात्र परत आणता आली नाही. चार्ल्स नदी आता गोड्या पाण्याची आहे, आणि तिच्या काठचे शहर तिच्या त्या रूपावरच वसले आहे. तेव्हा पुनरुद्धार झाला तो जुन्या रूपाचा नव्हे, जुन्या कार्याचा.

८

येथे एक आक्षेप संभवतो. नावाने कार्याचे रक्षण होते असे म्हणावे, तर ‘फेन्स’ हे नाव ओल्मस्टेडच्या काळापासून अखंड चालत आले आहे. जवळच्या रस्त्यास व वस्तीस ‘फेनवे’ नाव मिळाले, आणि इ. स. १९१२ मध्ये उघडलेल्या बेसबॉलच्या क्रीडांगणामुळे तर ‘फेनवे पार्क’ हे शब्द साऱ्या अमेरिकेत दुमदुमले. तरीही मूळ कार्य विस्मरणात गेलेच. मग नावाचा उपयोग तो काय?

आक्षेप खरा आहे, आणि त्यातूनच ह्या प्रकरणाचा मुख्य निष्कर्ष हाती येतो. नाव विशेषनाम झाले की त्याचा अर्थ मरतो. ‘फेनवे पार्क’ ह्या जोडनावात दलदल व कुंपणबंद उपवन हे दोन परस्परविरोधी अर्थ शेजारी शेजारी नांदतात, पण ते उच्चारणाऱ्यास त्यांतील एकाचीही आठवण होत नाही. मुंबईतही हेच घडले आहे. विहार तलावाचे पाणी इ. स. १८६० मध्ये नळाने शहरात आले. पुढे हिवतापाच्या भयाने व जागेच्या गरजेने शहरातील जुनी तळी एकामागून एक बुजविली गेली. धोबी तलाव, गोवालिया टँक, खारा तलाव ही नावे उरली. पाणी उरले नाही. बॉस्टनने आरोग्यासाठी तळे निर्माण केले आणि मुंबईने आरोग्यासाठीच तळी नाहीशी केली, हे एकाच कालखंडातील दोन विरुद्ध उपाय होत. ‘टँक’ हा इंग्रजी शब्द तर पोर्तुगीज ‘तांके’ व गुजराती-मराठीतील ‘टांकी’, ‘टांके’ ह्यांच्या मिलाफातून गेलेला. तो मुंबईस परत आला आणि ज्या वस्तूवरून आला तिच्याहून अधिक काळ टिकला.

नाव केवळ टिकून भागत नाही. त्याचा अर्थ सांगत राहावे लागते. ओल्मस्टेडने व्याख्यान दिले, अहवाल लिहिले, नाव सुचविले. कारण बांधलेल्या वस्तूबरोबर तिचे स्पष्टीकरणही पुढच्या पिढीच्या हाती द्यावे लागते हे त्याने ओळखले होते. त्याच्या मागून आलेल्यांनी वस्तू घेतली व स्पष्टीकरण दप्तरात ठेवले. इ. स. १९१० मध्ये धरण बांधणाऱ्यांनी ते वाचले असते तर धरण झाले नसते असे म्हणता येत नाही. परंतु भरती बंद झाल्यावर फेन्सचे काम दुसऱ्या कोणत्या उपायाने चालवावयाचे हा प्रश्न त्याच वेळी उपस्थित झाला असता, आणि त्याच्या उत्तरासाठी शहरास एक शतक थांबावे लागले नसते.

तात्पर्य, शहरातील तळे ही एकदा बांधून मोकळे होण्याची वस्तू नव्हे. ते गाळाने भरते, त्याच्या वरची वस्ती वाढते व खालची नदी बदलते. प्रत्येक पिढीस त्याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. त्यासाठी अभियंत्याची मोजमापे हवीत, माळ्याचे हात हवेत, आणि ही जागा रिकामी का ठेवली आहे हे सांगणारी भाषाही हवी. बॉस्टनच्या रिचर्डसनने आखलेल्या जुन्या द्वारगृहात आता उद्यानमालेची माहिती देणारे केंद्र चालते. पाण्याची दारे जेथून हलविली जात तेथे आता पाण्याची कथा सांगितली जाते. हा बदल कालमानाने घडला असला तरी तो अनुचित म्हणता येणार नाही. कारण शंभर वर्षांत त्या ठिकाणी अधिक उणीव कथेचीच भासली होती.